कुरव ओळखायचा तर आधी पंख बघा

रंकाळ्यावर पाणकावळे, टिबुकल्या रोजचेच, पण कुरवांचे, म्हणजे सीगल पक्ष्यांचे, थवे असे हाताच्या अंतरावर शूट करायचे म्हटल्यावर आम्हा कोल्हापूरकरांना गाडी काढून भिगवण गाठावं लागतं. हे उजनीचं बॅकवॉटर, मार्च महिना.

आता हा बघा, स्लो मोशनमध्ये. पंखाचं टोक काळं आणि त्या काळ्यात ठसठशीत पांढरे ठिपके, हा तपकिरी डोक्याचा कुरव. मागनं येतोय तो काळ्या डोक्याचा, त्याच्या पंखाची पुढची कडा पांढरीशुभ्र, काळं फक्त पिसांच्या टोकाला. उडताना एवढं दिसलं की विषय संपला.

बसलेले असले की मात्र घोळ होतो, कारण हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं आणि डोळ्यामागं एक काळा डाग, हेडफोन लावल्यासारखा. उन्हाळा जवळ येईल तशी डोक्यावर टोपी भरत जाते, इथं काहींची अर्धीच झालीय बघा, आणि ती दोघांचीही तपकिरीच, काळ्या डोक्यावाल्याची जरा गडद चॉकलेटी, त्यामुळं नुसत्या टोपीवर जाऊ नका राव. डोळा बघा. होडी हलत असताना आमच्या कॅमेरावाल्या पोरानं हा क्लोजअप काढलाय, मानलं पाहिजे. बुबुळ फिकट, भोवती लाल कडं, चोच जाड, हा तपकिरी. डोळा काळाभोर, चोच बारीक, अंगानं थोडा लहान, तो काळा. तपकिरीच्या लहान पोरांचाही डोळा गडद असतो, तिथं परत पंखावरच यायचं.

हा तपकिरी लडाखच्या त्सो मोरिरी, त्सो कार तलावांवर, तिबेटच्या पठारावर अंडी घालतो, साडेचार हजार मीटर उंचीवर, आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडं येतो. काळ्या डोक्यावाल्याचं माहेर युरोपपासून पार रशियाच्या पूर्व टोकापर्यंत, लंडनच्या बागेतही तो रोजचाच.

थवे होडीला एवढे चिकटतात ते शेवेमुळं. पर्यटक फरसाण उधळतात, कुरव हवेतल्या हवेत झेलतात, रील झकास होतं. आम्ही पुडा नेलाच नव्हता, शेजारच्या होडीनं फोडला आणि अख्खा थवा तिकडं, हा लांबचा शॉट त्यामुळंच आहे. मासे, किडे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं, खारट बरं नाही, उरलेलं पाण्यात जातं ते वेगळंच.

आता ही पाण्यावर बसलेली रांग. व्हिडिओ पॉज करा, यात काळ्या डोक्याचा एकच आहे. डाव्या कडेचा नाही, त्याची चोच बघा केवढी जाड आहे.