क्रूझ बुक करायची का? आधी फायनल पेमेंटची तारीख बघा

तर मंडळी, कोविड आल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, क्रूझ बुक करू का, आणि तिथे कोविड झाला तर? आता कोविड होईल की नाही हे मी सांगू शकत नाही, तुमचा एजंट सांगू शकत नाही, जहाजाचा कॅप्टनही नाही. पण पैसे कुठे अडकतात आणि तुम्ही स्वतः कुठे अडकू शकता हे बऱ्यापैकी आधी कळतं, सगळं कागदावर छापलेलं असतं, फक्त अक्षर इतकं बारीक की कोणी वाचत नाही.

डायमंड प्रिन्सेस हे क्रूझ जहाज सगळ्यांना आठवतं. फेब्रुवारी २०२०, जपानचं योकोहामा बंदर, जहाजावर ३,७११ माणसं आणि त्यातल्या ७१२ जणांना लागण. भयंकरच होतं ते, पण तेव्हा लस नव्हती, हा विषाणू पसरतो कसा हेही नीट कळलं नव्हतं, त्यामुळे आज तेच उदाहरण देऊन लोकांना घाबरवणं मला पटत नाही. मला विचाराल तर बुकिंग करणाऱ्याने वेस्टरडॅम या दुसऱ्या जहाजाची गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच महिन्यातली. या जहाजावर कोविड होता असं पुढेही सिद्ध झालं नाही, तरी तैवान, जपान, फिलिपिन्स, ग्वाम, थायलंड सगळ्यांनी नाही म्हटलं आणि जहाज समुद्रात फिरत राहिलं, शेवटी १३ फेब्रुवारीला कंबोडियाने सिहानुकविल बंदरात घेतलं. म्हणजे बघा, तुम्ही ठणठणीत, शेजारची केबिन ठणठणीत, आणि तरी उतरता येत नाही कारण उतरू द्यायचं की नाही हे बंदर ठरवतं. आणि कंपनीच्या करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की मार्ग बदलला, एखादं बंदर गळलं, तर आम्ही जबाबदार नाही, फार तर त्या बंदराची फी परत मिळेल.

दुसरं, डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरहून क्वांटम ऑफ द सीज या जहाजाची क्रूझ निघाली होती, चार दिवसांची, कुठल्याच बंदरात न थांबता परत यायचं अशी. ८३ वर्षांच्या एका आजोबांची टेस्ट पॉझिटिव्ह आली, जहाज मागे फिरलं, सगळे आपापल्या केबिनमध्ये बंद, आणि नंतर परत टेस्ट केली तर निगेटिव्ह! तरी तो प्रवास चार दिवसांचा आणि निघाला त्याच बंदरात परतणारा होता म्हणून निस्तरला. हेच सहा देशांच्या ट्रिपमध्ये झालं असतं तर? म्हणून मी म्हणतो, कमी देश, कमी दिवस.

आता पैशांकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. आपल्याला वाटतं बुकिंग केलं म्हणजे निर्णय झाला. तसं नसतं. आधी डिपॉझिट जातं, ते परत मिळणारं आहे का हे विचारून घ्या, स्वस्त भाड्यात बरेचदा नसतं. मग साधारण ६० ते १२० दिवस आधी फायनल पेमेंट, म्हणजे उरलेले सगळे पैसे, आणि त्यानंतर जसजशी तारीख जवळ येते तसतशी कॅन्सल केल्यावर कापली जाणारी रक्कम वाढत जाते, शेवटी शंभर टक्के. तेव्हा निर्णयाचा खरा दिवस म्हणजे फायनल पेमेंटचा आदला दिवस. तोपर्यंत बुक करून ठेवायला माझी काही हरकत नाही.

आणि एक गंमत आहे, कंपनीने कॅन्सल केलं तर पैसे किंवा क्रेडिट (त्याच कंपनीच्या पुढच्या ट्रिपला वापरायची रक्कम) मिळतं, तुम्ही केलंत तर दंड तुम्हाला. ३० डिसेंबर २०२१ ला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने जाहीर सांगितलं की लस घेतली असली तरी क्रूझ टाळा, पण जहाजं चालूच राहिली ना! सरकारी संस्थेने टाळा म्हटलं म्हणून कंपनी पैसे परत करेलच असं नाही. कोविडच्या काळात काही कंपन्यांनी निघायच्या ४८ तास आधीपर्यंत कॅन्सल करायची सोय दिली होती, चांगलं केलं, पण तिथे मिळायचं क्रेडिट, रोख नाही. २०२० मध्ये तर भरलेल्या पैशांच्या १२५ टक्के क्रेडिट देत होत्या, लोक खूश, अहो पण ते क्रेडिट चालणार कधी, कंपनी टिकली तरच. इंग्लंडची क्रूझ अँड मॅरिटाइम व्हॉयेजेस जुलै २०२० मध्ये बुडाली. जानेवारी २०२२ मध्ये गेंटिंग हाँगकाँग ही कंपनी गाळात गेली, तिच्या क्रिस्टल सिंफनी जहाजावर इंधनाच्या थकलेल्या बिलापायी अमेरिकेत जप्तीचं वॉरंट निघालं आणि जहाज मायामीऐवजी प्रवाशांसकट बहामाजला गेलं. म्हणून क्रेडिट आणि रोख यातलं निवडायची वेळ आली तर रोख घ्या, कमी मिळाली तरी.

इन्शुरन्सबद्दल थोडक्यात. कोविड आता सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट झाली, अचानक आलेलं संकट नाही, त्यामुळे भीती वाटली म्हणून कॅन्सल केलं तर साधी पॉलिसी काही देत नाही. कुठल्याही कारणाने कॅन्सल करता येणारी पॉलिसी काही देशांत मिळते, पण ती महाग, डिपॉझिटनंतर थोड्याच दिवसांत घ्यावी लागते आणि परत मिळतात ५० ते ७५ टक्के. त्यापेक्षा हॉस्पिटलचा खर्च, विलगीकरणाचा खर्च आणि आजारी माणसाला जहाजावरून उचलून न्यायचा खर्च पॉलिसीत आहे का ते आधी बघा, तो आकडा डोळे पांढरे करणारा असतो.

मघाशी चिठ्ठी आली होती, वय झालेल्या आईवडिलांना न्यावं का म्हणून. लस पूर्ण झाली असेल, डॉक्टर हो म्हणत असतील, तर न्या, पण जहाजावर मेडिकल सेंटर असतं, मोठं हॉस्पिटल नसतं हे धरून चला. दोन आठवड्यांची जास्तीची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा आणि खिडकी नसलेली आतली केबिन त्यांच्यासाठी घेऊ नका, डायमंड प्रिन्सेसवर त्या केबिनवाल्यांना थोडा वेळ डेकवर सोडायचे तेवढीच काय ती हवा. आणि तुम्हाला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑफिसला हजर व्हायचं असेल, जास्तीची रजा मिळणारच नसेल, तर या वर्षी राहू द्या. पुढचा प्रश्न?