ज्यांना राष्ट्र नाही, त्यांनाही खुर्ची

(दृश्य : पोर्ट व्हिलाचा बाजार, सकाळची वेळ)

पॅसिफिक महासागरातल्या व्हानुआतू या बेटांच्या देशाची राजधानी पोर्ट व्हिला. नारळाच्या झावळ्यांनी विणलेल्या टोपल्यांत अळकुड्या आणि कोनफळं भरून बायका बाजारात बसल्या आहेत. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढंच हे शहर. पण इथेच एका आंतरराष्ट्रीय संघटनेचं मुख्यालय आहे. तिचं नाव मेलानेशियन स्पिअरहेड ग्रुप. मेलानेशिया म्हणजे न्यू गिनीपासून फिजीपर्यंत पसरलेला बेटांचा पट्टा. पूर्ण सदस्य पाच : पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, व्हानुआतू, फिजी हे चार देश, आणि पाचवी एक चळवळ. फ्रान्सच्या ताब्यातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या मूळच्या कनाक लोकांची स्वातंत्र्य आघाडी, एफएलएनकेएस. तिच्याकडे ना स्वतःचं सैन्य आहे, ना पासपोर्ट, ना राष्ट्रसंघात जागा. तरी इथे पंतप्रधानांच्या रांगेत तिच्या प्रतिनिधीला खुर्ची मिळते, आणि ती बरोबरीची असते.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, ब्रिटिश आणि फ्रेंच झेंडे शेजारी शेजारी)

असं का झालं, ते व्हानुआतूच्या इतिहासात डोकावल्यावर कळतं. १९०६ पासून या बेटांवर ब्रिटन आणि फ्रान्स यांचं सामायिक राज्य होतं. पोलीस दोन, तुरुंग दोन, शाळा दोन प्रकारच्या. बाहेरून येणाऱ्या परक्याला विचारलं जायचं, तुला कुणाचा कायदा लागू करायचा? स्थानिक माणसाला मात्र कुणी काही विचारत नसे. तो ना ब्रिटनचा नागरिक, ना फ्रान्सचा. स्वतःच्या बेटावर तो कोणत्याच देशाचा नव्हता.

३० जुलै १९८० ला हे राज्य संपलं. वॉल्टर लिनी हे अँग्लिकन धर्मगुरू पहिले पंतप्रधान झाले. पण त्याच सुमाराला व्हानुआतूच्याच सांतो बेटावर जिमी स्टीव्हन्स यांच्या नेतृत्वाखाली फुटून निघण्याचं बंड पेटलेलं होतं. ब्रिटिश आणि फ्रेंच सैनिक तिथे पोचले, पण बंड मोडलं नाही. लिनींनी मदत मागितली ती पापुआ न्यू गिनीकडे. हा देश स्वतः जेमतेम पाच वर्षांपूर्वी, १९७५ मध्ये, ऑस्ट्रेलियाकडून मोकळा झालेला. त्याचं सैन्य आलं आणि बंड निवळलं. जुन्या मालकांना जमलं नाही ते शेजाऱ्याने करून दाखवलं. मेलानेशियाच्या सहकार्याचा पाया मला तरी या प्रसंगात दिसतो. करारमदार नंतरचे.

(दृश्य : न्यू कॅलेडोनिया, निकेलच्या लाल डोंगरखाणी)

लिनी म्हणत, सगळा मेलानेशिया स्वतंत्र झाल्याशिवाय व्हानुआतूचं स्वातंत्र्यही पुरं होणार नाही. त्यांचा रोख आधी शेजारच्या न्यू कॅलेडोनियाकडे होता. १८५३ पासून ते फ्रान्सच्या ताब्यात आहे. जमिनीखाली निकेल, आणि जमिनीवर बाहेरून वसलेल्या लोकांची वाढती संख्या. कनाक आपल्याच भूमीत अल्पसंख्य झाले.

१९८६ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका गावात पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि व्हानुआतू या तीन देशांचे प्रमुख जमले, कनाकांचे प्रतिनिधीही बसले. त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने न्यू कॅलेडोनियाचं नाव वसाहतमुक्त व्हायच्या प्रदेशांच्या यादीत पुन्हा घातलं. फ्रान्सचा विरोध असताना पॅसिफिकमधल्या छोट्या देशांनी हे घडवून आणलं. मार्च १९८८ मध्ये पोर्ट व्हिलाला स्पिअरहेड ग्रुपच्या तत्त्वांवर सह्या झाल्या. दोनच महिन्यांनी न्यू कॅलेडोनियातल्या उवेआ बेटावरच्या गुहेत फ्रेंच सैन्याने कनाक बंडखोरांनी धरलेले ओलीस सोडवण्यासाठी हल्ला केला. त्यात एकोणीस कनाक आणि दोन सैनिक मेले. मग जूनमध्ये तह झाला. तो करणारे कनाक नेते जाँ-मारी त्जिबाऊ यांची पुढच्या मे महिन्यात त्याच बेटावर हत्या झाली. मारणारा कनाकच होता, तहावर नाराज असलेला. एफएलएनकेएसला पूर्ण सदस्यत्व मिळालं ते याच वर्षी, १९८९ मध्ये.

(दृश्य : नकामल म्हणजे कावा प्यायची बैठकीची जागा, संध्याकाळ, नारळाच्या करवंटीत कावा ओतला जातो)

एवढं सगळं धीरगंभीर ऐकल्यावर असं वाटेल की हे देश कायम गळ्यात गळे घालून असतात. तसं नाही. १९९३ चा त्यांचा व्यापार करार सुरू झाला अवघ्या तीन वस्तूंवर : पापुआ न्यू गिनीचा चहा, सॉलोमनची डबाबंद ट्यूना मासळी आणि व्हानुआतूचं गोमांस. पुढे यादी वाढली आणि भांडणंही वाढली. २००५ च्या सुमाराला व्हानुआतूने फिजीची बिस्किटं अडवली. फिजीने उत्तरादाखल व्हानुआतूचा कावा अडवला. कावा म्हणजे मुळं कुटून पाण्यात कालवलेलं गढूळ पेय, प्यायलं की जीभ बधिर होते. बिस्किटांपायी तो बंद झाला! पण अशी भांडणं मिटतात.

(दृश्य : नकाशा, न्यू गिनी बेटाच्या मधोमध उभी सरळ रेघ)

खरी अडचण या रेघेपाशी आहे. तिच्या पूर्वेला पापुआ न्यू गिनी, पश्चिमेला इंडोनेशियाचा पापुआ. दोन्हीकडची माणसं मेलानेशियन.

१९६१ च्या १ डिसेंबरला पश्चिम पापुआत, म्हणजे रेघेच्या पश्चिमेकडच्या तेव्हाच्या डच वसाहतीत, डचांच्या देखत पापुआंचा पहाटतारा झेंडा फडकला. त्याच महिन्यात, १९ तारखेला, इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी योग्यकर्ता शहरातून हा प्रदेश ताब्यात घेण्याची हाक दिली. मराठी माणसाला ही तारीख वेगळ्या कारणाने ठाऊक आहे, त्याच दिवशी गोवा मुक्त झाला. दोन्हीकडे युरोपीय सत्ता गेली आणि मोठा शेजारी आला. पण पुढचा रस्ता वेगळा. महाराष्ट्रात जायचं की नाही, एवढ्याच प्रश्नासाठीही १९६७ मध्ये गोव्यात प्रत्येक मतदाराचा कौल घेतला गेला. पापुआत १९६९ मध्ये इंडोनेशियात राहायचं की नाही हे ठरवायला सुमारे एक हजार निवडक माणसं बोलावली. सैन्याच्या पहाऱ्यात सगळ्यांनी एकमुखाने हो म्हटलं. हा कौल मी कौल मानत नाही.

पापुआच्या स्वातंत्र्यवादी गटांनी डिसेंबर २०१४ मध्ये पोर्ट व्हिलातच एकजूट केली आणि स्पिअरहेड ग्रुपचं दार ठोठावलं. २०१५ मध्ये सॉलोमनच्या राजधानीत, होनियाराला, झालेल्या बैठकीत त्यांना निरीक्षकाचं स्थान मिळालं. पण त्याच बैठकीत इंडोनेशियाला सहयोगी सदस्य करून त्याच्या वरचं पद दिलं. आमच्याकडेही लाखो मेलानेशियन राहतात, हा जकार्ताचा युक्तिवाद. ऑगस्ट २०२३ मध्ये पोर्ट व्हिलाच्या बैठकीत पापुआच्या गटांचा पूर्ण सदस्यत्वाचा अर्ज पुन्हा आला. नेत्यांचं एकमत झालं नाही, अर्ज तिथेच राहिला. पापुआ न्यू गिनीची इंडोनेशियाशी सातशे किलोमीटरहून लांब सीमा आहे. पॅरिसला चार शब्द सुनावणं सोपं, ते अर्ध्या जगापलीकडे आहे.

(दृश्य : न्यू कॅलेडोनियाची राजधानी नूमेआ, मतदान केंद्राबाहेरची रांग)

पॅरिसही सहज हललेलं नाही. न्यू कॅलेडोनियात तीन सार्वमतं झाली. २०१८ मध्ये स्वातंत्र्याच्या बाजूने ४३ टक्के मतं पडली, २०२० मध्ये जवळपास ४७ टक्के. तिसरं डिसेंबर २०२१ मध्ये झालं. कोविडने घराघरांत सुतक होतं, पुढे ढकला असं कनाक सांगत होते. कुणी ऐकलं नाही, त्यांनी बहिष्कार घातला, आणि ९६ टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याविरुद्ध गेली. मे २०२४ मध्ये मतदारयादी वाढवण्याच्या प्रस्तावावरून नूमेआ पेटलं.

(दृश्य : बोगनव्हिल, बुका गावचा धक्का)

आणि सर्वांत नाजूक प्रश्न खुद्द पापुआ न्यू गिनीच्या घरातला आहे. २०१९ मध्ये बोगनव्हिल या त्याच्याच स्वायत्त बेटप्रांताने सार्वमत घेतलं, जवळपास ९८ टक्के मतं स्वातंत्र्याला. कनाकांसाठी उभं राहणाऱ्या देशाने यावर काय म्हणावं? बोगनव्हिलच्या नेत्यांनी १ सप्टेंबर २०२७ ही तारीख सांगून टाकली आहे. कायद्याने मात्र मंजुरी द्यायची आहे ती पोर्ट मोरेस्बीच्या, म्हणजे पापुआ न्यू गिनीच्या, संसदेने.