सोलापूरच्या घराला किती वेगाचं नेट लागतं?

(दृश्य: अशोक चौकाकडून पूर्व भागात शिरणारी गल्ली. विजेच्या खांबावर काळ्या केबलची वेटोळी. मागे यंत्रमागांचा आवाज.)

खांबावर गुंडाळून ठेवलेल्या या काळ्या केबलच्या आत काचेची एक तार आहे. तिची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातही प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो, तो जेमतेम ९ मायक्रॉनचा. खाली चादरी आणि टॉवेल विणले जातात आणि त्याच गल्लीत डोक्यावरून ही काच घराघरात जाते.

केबलच्या मागोमाग दारात पत्रकं येतात. ३० एमबीपीएस, १००, ३००, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत १ जीबीपीएस. म्हणजे १००० एमबीपीएस, यालाच गिगाबिट म्हणतात. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट येतात तो वेग. फाईलचा आकार मात्र एमबीत, म्हणजे मेगाबाइटमध्ये मोजतात आणि एका एमबीत आठ मेगाबिट असतात.

देशात २००४ साली ब्रॉडबँड धोरण आलं, तेव्हा २५६ केबीपीएस, म्हणजे साधारण पाव एमबीपीएस वेग मिळाला की त्याला ब्रॉडबँड म्हणत. जानेवारी २०२३ पासून ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. सरकारी व्याख्या दोनवर आहे आणि दारातलं पत्रक हजारावर. या दोन आकड्यांच्या मध्ये आपलं घर कुठं बसतं, ते आज मोजूनच बघू.

(दृश्य: जुळे सोलापूरमधला फ्लॅट. रात्रीचे साडेआठ.)

या घरात सगळे एकाच वेळी नेटवर आहेत. बैठकीत फोर-के टीव्हीवर मालिका चालू आहे. फोर-केसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस सुचवतं. आतल्या खोलीत थोरला मुलगा पुण्याच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहे, कॅमेरा चालू. अशा कॉलला जायला आणि यायला प्रत्येकी तीन-चार एमबीपीएस पुरतात. धाकटी मोबाईलवर दहावीचा तास बघतेय. एचडी धरला तर ५. वडिलांच्या बातम्यांना ५, आजोबांच्या कीर्तनाला ५. दाराबाहेरच्या दोन सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना मिळून चारेक.

बेरीज होते अडतीस. दुसऱ्या खोलीत आणखी एक फोर-के टीव्ही लावला, तरी पंचावन्नच्या पुढं जात नाही. घरात पाहुणे आहेत, सगळ्यांच्या हातात फोन आहेत, असं धरलं तरी १०० एमबीपीएसची लाईन सगळ्यांना सामावून घेते. हजाराचा प्लॅन घेतला, तर यातले नऊशे एमबीपीएस या घरात वापरायला कुणी नाही.

पूर्व भागातल्या कारखान्यांचंही तसंच. घर खाली आणि माग वर, किंवा उलटं, अशी रचना इथं जुनी आहे. काही ठिकाणी आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड, म्हणजे नक्षीसाठी हवे ते उभे धागे हूकनं उचलणारं मागावरचं यंत्र आलंय. तिथं डिझाईन संगणकावर तयार होतं आणि फाईल मागाला दिली जाते. समजा जॅकार्डला २,६८८ हूक आहेत आणि नक्षी ४,००० आडव्या धाग्यांची आहे. प्रत्येक ठिकाणी उभा धागा उचलायचा की नाही, एवढंच फाईलला सांगायचं असतं. एक कोटी सात लाख होकार-नकार. आकार सव्वा ते दीड एमबी. ३० एमबीपीएसच्या लाईनवर ही फाईल अर्ध्या सेकंदाच्या आत पोचते. ज्या सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या नक्षीला गिगाबिट लागत नाही.

मग नेट का अडकतं? ते अडकतं, हे तर प्रत्येक घर सांगतं. मीटिंगमध्ये आवाज तुटतो, गच्चीवर व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो.

(दृश्य: टीव्हीच्या मागे, स्टीलच्या कपाटाशेजारी कोंबलेला राउटर.)

पहिलं कारण इथंच सापडतं. केबलवाल्यानं जिथून वायर आत आणली, तिथंच राउटर बसवला. लोखंडी कपाट, काँक्रीटची भिंत आणि वर स्लॅब. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढला की अर्धं सोलापूर गच्चीवर झोपायला जातं आणि तिथं खालच्या मजल्यावरच्या राउटरचा सिग्नल स्लॅबमधून वर यावा, अशी आपली अपेक्षा असते. जुन्या पेठांमधल्या जाड दगडी भिंतींना तर तो पारच होत नाही.

वाय-फायच्या लहरींचे मुख्य दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा लांब पोचतो, पण साध्या फोनवर या पट्ट्यातली कागदावरची कमाल बहुतेक वेळा ७२ एमबीपीएस. प्रत्यक्षात हाती येतं त्याहून बरंच कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण दोन भिंती मध्ये आल्या की दमतो. बाहेरून हजार आले तरी आजोबांच्या फोनपर्यंत पोचणार चाळीसच. आणि स्वस्तातल्या कित्येक राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असतात. अशा घरात मोठा प्लॅन घेतला, तर पैसे जातात आणि वेग त्या पोर्टापाशीच थांबतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. सोलापूर ते मुंबई रेल्वेनं ४५५ किलोमीटर. तेवढ्या लांबीच्या केबलमधून प्रकाश साडेचार मिलिसेकंदांत जाऊन परत येतो. ३० च्या प्लॅनमध्येही तेवढ्याच वेळात, १००० च्या प्लॅनमध्येही तेवढ्याच वेळात. मोठ्या आकड्यानं एका वेळी जास्त माल येतो, तो लवकर निघत नाही. म्हणून बँकेचं पान उघडताना किंवा कॉलवर बोलताना शंभर आणि हजार यातला फरक जाणवत नाही.

सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. उजनी धरणातून पाणी येतं, नळाला काही दिवसांआड येतं. अर्ध्या इंचाचा नळ काढून दोन इंचाचा बसवला, म्हणून पाणी रोज येत नाही.

(दृश्य: खोदलेला रस्ता, कडेला तुटलेली केबल. राउटरच्या डब्यावर लाल दिवा.)

"दादा, लाल लाईट लागलाय." केबलवाल्याच्या फोनवर दिवसभर येणारं हे वाक्य. लाल दिवा म्हणजे काचेतून येणारा प्रकाशच थांबलाय. जेसीबीचा दात लागला, ट्रकवरच्या उंच मालात केबल अडकली, माकडानं ओढली, झाडाची फांदी पडली. जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांत सोलापूर निवडलं गेलं. त्यानंतर रस्ते खोदले गेले, बुजवले, पुन्हा खोदले. वरून जाणाऱ्या केबलचं दुखणं वेगळं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत उंच नंदीध्वजांची मिरवणूक निघते, तेव्हा वाटेत लोंबणाऱ्या तारांना बाजूला व्हावंच लागतं.

तुटलेली काच जोडायला स्प्लायसिंगचं यंत्र लागतं आणि ते चालवणारा माणूस लागतो. तो दोन तासांत येतो की तीन दिवसांनी, यावर त्या घरातल्या मुलाची नोकरी अवलंबून असते. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-हैदराबादहून घरी परतलेल्या मुलांनी हे अनुभवलंय. त्यातली काही अजूनही इथूनच काम करतात. माझ्या मते सोलापूरच्या घरानं वेगाआधी विचारायचा प्रश्न हाच: केबल तुटली, तर माणूस किती वेळात येईल?

वीज गेली की राउटरही जातो. बारा व्होल्टवर चालणारा छोटा डब्बा तो, दहा-पंधरा वॅट खातो. हजार-दीड हजाराचा मिनी यूपीएस लावला तर तास-दोन तास निभावतं. प्लॅन वाढवण्याआधी हा खर्च करा, असं मी कुणालाही सांगेन.

आणखी एक गोष्ट पत्रकावर बारीक अक्षरांत असते: "पर्यंत". बहुतेक घरांना जीपॉन पद्धतीची जोडणी मिळते. एका काचेतून खाली येणारे २.५ जीबीपीएस स्प्लिटरमधून, म्हणजे प्रकाश वाटणाऱ्या डबीतून, ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत, म्हणून हे चालतं. "अमर्याद" प्लॅनलाही मर्यादा असते, अनेकांत महिन्याला ३,३०० जीबी. ३०० एमबीपीएसनं सलग ओढलं, तर साडेचोवीस तासांत ती संपते.

गिगाबिट कुणाला लागतं? लागतं काहींना. लग्नाचं शूटिंग करणारा छायाचित्रकार २०० जीबीचं फुटेज पुण्याच्या एडिटरला पाठवतो. १०० एमबीपीएस अपलोडला साडेचार तास, हजाराला अर्ध्या तासाच्या आत. त्याचा तो धंदा आहे, त्यानं जरूर घ्यावं. फक्त प्लॅनमधला अपलोडचा वेग वेगळा विचारून घ्यावा.

(दृश्य: कुंभारी. गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या घरांची रांग.)

आता शहराच्या वेशीवर. विडी कामगार महिलांची ही दहा हजार घरं. जवळच रे नगर, तिथल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. अशा वसाहतीतल्या कितीतरी घरांत नेट म्हणजे आईच्या किंवा भावाच्या फोनमधला दिवसाचा डेटा. तो संपला की मुलीचा अभ्यास थांबतो.

सप्टेंबर २०२० मध्ये जिओनं ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ रुपयांना आणला. जीएसटी धरून ४७१. त्याच यादीत १ जीबीपीएसचा प्लॅन ३,९९९ चा, करासह ४,७१९. वर्षाचा फरक ५१ हजारांच्या घरात. शंभरावरून हजारावर गेलेल्या घरात संध्याकाळ तशीच जाते. फोनच्या डेटावरून ३० च्या लाईनवर आलेल्या घरात मात्र तीन मुलं एकाच वेळी अभ्यास करू शकतात. सोलापुरात फायबरवर पैसा आणि मेहनत खर्च व्हायची असेल, तर ती आधी या घरांपर्यंत लाईन नेण्यात आणि ती चालू ठेवण्यात व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: लॅपटॉपला जोडलेली पिवळी केबल. पडद्यावर वेगाचा आकडा.)

प्लॅन बदलायच्या विचारात असाल, तर रात्री नऊच्या सुमारास लॅपटॉप थेट केबलनं राउटरला जोडा आणि वेग मोजा. मग तोच वेग आतल्या खोलीत फोनवर मोजा. केबलवर पूर्ण येतोय आणि फोनवर नाही, तर राउटर घराच्या मधोमध, उंचावर, कपाटापासून लांब हलवा. केबलवरच येत नसेल, तर तक्रार करा.

लाईन बंद पडली की तक्रारीचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं २००६ मध्येच ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले. त्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त बिघाड लगेच पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत दुरुस्त व्हावेत, असं लिहिलं होतं. कामाच्या तीन दिवसांहून जास्त लाईन बंद राहिली, तर भाड्यात सूट द्यावी, हेही होतं. बिल हातात आलं की बंद पडलेल्या दिवसांची सूट दिसते का बघा. नसेल, तर क्रमांक दाखवून मागा.