गाडी ओढत नाही, म्हणजे नेमकं काय?

मंडळी, इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुनी ओम्नी घेऊन येणारा माणूस दारातूनच सांगतो, "गाडी वडंना झालीया, कार्बोरेटर साफ करून द्या." कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. तक्रार आणि इलाज एका दमात. मला इलाज नको असतो, तक्रार मात्र पुरती हवी असते. थंड असताना ओढत नाही का तापल्यावर? सपाटीला का चढाला? हळूहळू मरगळते का एकदम कट मारते? थांबल्यावर आपोआप बरी होते का? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली, की निम्मा बिघाड पाना न उचलता सापडतो. म्हणून माझा आग्रह एकच आहे: पार्ट बदलण्याआधी बिघाडाची वेळ धरा.

मारुतीची ही व्हॅन 1984 साली आली, 1988 मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि 2019 पर्यंत ती बनत राहिली. 796 सीसी, तीन सिलिंडर, इंजिन पुढच्या सीटखाली. भाजी, फुलं, दूध, शाळेची पोरं, मंडपाचं सामान, सगळं तिनं वाहिलं. ज्याचं घर या गाडीवर चालतं, त्याला "हे बदलून बघू, मग ते बदलून बघू" परवडत नाही.

आधी इंजिनवरचा आळ तपासा. चढाला इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही? मग क्लच घसरतोय, पेट्रोलचा काही संबंध नाही. सपाट जागी गाडी न्यूट्रलला टाकून ढकला. जड लागली आणि एखादा ड्रम हाताला चटका देण्याइतका तापलेला असला, तर ब्रेक धरून राहिलाय. अशा गाडीचं कार्बोरेटर कितीही वेळा खोला, ती ओढणार नाही.

आता एक खरी केस. गाडी गावात झकास चालायची. पन्हाळ्याला निघाली की केर्लीपर्यंत ठीक, वाघबीळच्या पुढं चढ लागला की पिकअप जायचा, मग बंद. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. मालकानं कॉइल बदलली होती, प्लग बदलले होते, फिल्टर बदलला होता. आम्ही गाडी त्याच रस्त्यानं नेली. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण फिरवलं, तर फुस्स करून हवा आत गेली. गाडी लगेच चालू झाली. झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा टाकीत यायला पाहिजे. ती न आल्यामुळं टाकीत ओढ तयार व्हायची आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नव्हतं. गावात पेट्रोल कमी लागतं, थांबणं जास्त, म्हणून तिथं दोष दिसत नव्हता. नवं झाकण बसवलं, काम संपलं. काही जण अशा वेळी झाकणाला भोक पाडतात. ते करू नका. आपल्या पावसात त्यातून पाणी आत जातं.

रस्त्यात गाडी बंद पडली तर करंट (म्हणजे प्लगची ठिणगी) गेला का पेट्रोल, हे तिथल्या तिथंच बघायचं. गार झाल्यावर गॅरेजात आणलेली गाडी शहाण्यासारखी चालते, मग शोधायचं काय? कार्बोरेटरवाली गाडी असेल तर इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं तोंड काढा, आत बघत हातानं थ्रॉटल ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. मग करंटकडं वळा: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. तापल्यावर दगा देणारी कॉइल गार झाली की पुन्हा चालते. पिचकारी उडाली नाही, तर मागं जा: फिल्टर, पंप, पाइप, टाकी. या कामाच्या वेळी जवळ विडी-सिगारेट नको, आणि पेट्रोलचा पाइप काढायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा.

उन्हाळ्यात करूळ घाट चढून आलेली गाडी गगनबावड्यात चहाला थांबते आणि मग चालूच होत नाही. सीटखाली कोंडलेल्या उष्णतेनं पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं टाका. त्यानं चालू झाली तर कारण कळलं. पाइप इंजिनला किंवा सायलेन्सरच्या नळीला टेकतोय का, ते बघून त्याची जागा बदला.

जुन्या पंपाबद्दल जरा गंभीरपणे सांगतो. हा पंप इंजिनच्या कॅमवर चालतो, आत रबरी पडदा असतो. पडदा फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची काडी काढा. पातळी वाढलीय, वास पेट्रोलचा येतोय, ऑइल बोटाला पातळ लागतंय, तर गाडी तिथंच थांबवा. पातळ ऑइलवर बेअरिंगं खराब होतात आणि काही शेकड्यांचं काम हजारांवर जातं.

मिसिंग असेल, म्हणजे इंजिन अडखळत चालत असेल, तर तिन्हीतला कुठला सिलिंडर आळशी, ते शोधा. इंजिन स्लोवर ठेवून एकेका प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीनं काढा. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाहीये. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, प्लगची वायर ओढू नका, इंजेक्टरचा सॉकेट काढा. मग प्लग बघा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे हवा जास्त, तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. एका सिलिंडरचं कमी भरलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. हे कळल्याशिवाय इंजिन खोलायला होकार देऊ नका.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलनं जुनी गाडी बिघडते का, हा प्रश्न आता प्रत्येक जण विचारतो. आपला जिल्हा उसाचा, इथेनॉल आपल्याच कारखान्यांतून निघतं, त्याचा अभिमान असावाच. पण जुन्या गाडीचा हिशोब वेगळा. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. 20 टक्के मिश्रणावर जुन्या धाटणीच्या चारचाकीचं एव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच होता. म्हणजे 15 देणारी गाडी 14 वर आली तर घाबरू नका. 10 वर आली तर इथेनॉलला दोष देऊन गप्प बसू नका, बिघाड शोधा. कार्बोरेटरला मिश्रण ओळखून जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलता येत नाही, म्हणून गाडी थोडी कोरडी, म्हणजे हवेच्या मानानं कमी पेट्रोलवर, चालते, थंडीत चोक जास्त मागते.

दुसरी गोष्ट पाण्याची. 2019 आणि 2021 च्या पुरात इथल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि पंप तिथूनच ओढतो. शंका आली तर टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, अर्धा तास उन्हापासून लांब ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून धुवा, नुसता फिल्टर बदलून भागत नाही.

आणि रबरी पाइप. वीस वर्षांचा पाइप दाबून बघा. फुगलाय, चिकट झालाय, वाकवल्यावर भेगा दिसतात, तर आजच बदला. घेताना इथेनॉलला टिकणारा पेट्रोलचाच पाइप मागा. पाण्याचा किंवा हवेचा स्वस्त पाइप सीटखालच्या गरम इंजिनाशेजारी लावू नका, त्याच सीटवर पोरं बसतात. नवा पाइप बसला की दोन्ही क्लिपा आवळा, इंजिन चालू करून टॉर्चच्या उजेडात जोड कोरडे आहेत का ते बघा, मगच सीट खाली पाडा.