पूर आलाच नाही तर?

मंडळी, कंबोडियात एक मोठं सरोवर आहे, तोनले साप. त्यावर तरंगती गावं आहेत. तिथल्या कोळ्याला पुराची नाही, पूर न येण्याची धास्ती असते.

हे कसं, ते सांगतो. सरोवरातून निघालेली नदी नॉम पेन्ह शहरापाशी मेकाँग या मोठ्या नदीला मिळते. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की ही नदी चक्क उलटी वाहू लागते. उन्हाळ्यात साधारण 2,500 चौरस किलोमीटर असलेलं सरोवर चांगल्या पावसात 15,000 च्या आसपास पसरतं. मीटरभर पाणी आठ-नऊ मीटरवर जातं, काठचं जंगल बुडतं. त्या बुडालेल्या झाडांत मासे चरतात, वाढतात. पावसाळा सरला की नदी पुन्हा सुलटी होते आणि उतरत्या पाण्याबरोबर मासा जाळ्यात येतो. म्हणजे पूर हेच यांचं शेत.

घरं बांबूच्या मोळ्यांवर नाहीतर रिकाम्या पिंपांवर. पाणी सरकलं की घरही सरकवायचं. काम्पोंग लुआंगसारखं अख्खं गाव, दुकानांसकट, होडीला बांधून ओढत नेतात. पर्यटकाला यात मौज वाटते. डिझेलचा खर्च मात्र घरवाल्याचा.

आणि पाणी! भांडी त्यात, अंघोळ त्यात, संडासही त्यातच. पाणी आटलं की घाण दाटते आणि पोरांना जुलाब लागतात. मग उकळा, तुरटी फिरवा. ज्याला परवडतं तो विकत घेतो. चारी बाजूंनी पाणी, आणि प्यायचं विकत!

आता माणसं काठावर का जात नाहीत, असा प्रश्न येतो. सगळ्यांचं कारण एक नाही. पण इथल्या व्हिएतनामी वंशाच्या कुटुंबांना विचाराल, तर उत्तर कागदात आहे. 1970 च्या दशकात त्यांना मारलं, हाकललं. पुढच्या दशकात बरीच परतली, पण नागरिकत्वाचा पुरावा अनेकांकडे नाही. कंबोडियाच्या राज्यघटनेनुसार जमिनीची मालकी फक्त तिथल्या नागरिकाला. मग राहतं पाणीच. तेही टिकेल असं नाही. 2018 मध्ये काम्पोंग छनांग प्रांतात अशा वस्त्या काठावर हलवायला सुरुवात झाली. ज्याचं पोट पाण्यावर, त्याला पाण्यापासून दूर नेऊन वसवणं याला पुनर्वसन म्हणावं का, तुम्हीच बघा.

कर्जाचं गणित साधं आणि वाईट. जाळं, इंजिन, डिझेल यासाठी मासळीचा व्यापारी उचल देतो. मग मासळी त्यालाच घालायची, भाव तो म्हणेल तो. 2012 मध्ये सरकारने बड्या ठेकेदारांची राखीव मासेमारी क्षेत्रं रद्द केली. निर्णय चांगला होता, मी तसंच मानतो. पण पाणी सगळ्यांना खुलं झालं, राखणार कोण, हे पुरतं ठरलंच नाही.

त्यात 2019 साली मेकाँग विलक्षण खाली गेली. पाऊस उशिरा आला, वर चीन आणि लाओसमधली धरणं होतीच, खाली नदीच्या तळातली वाळू उपसली जात होती. नदी उलटी वाहायला उशीर झाला, आणि वाहिली ती थोडेच दिवस. जंगलात पाणी पुरेसं चढलं नाही, तर मासा वाढणार कुठे? मग कोळी बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं जाळं टाकतो. त्यात येतात ती पिल्लं, पुढच्या वर्षीची. त्याला हे कळत नाही असं नाही. उचल या वर्षीची आहे.