महाराज तेच, अंकाची तारीख बघा

नमस्कार मंडळी. शिवजयंती जवळ आली की विशेषांकांचा गठ्ठा येतो, एकात महाराज मॅनेजमेंट गुरू, दुसऱ्यात पर्यावरणवादी, तिसऱ्यात अजून काहीतरी, आणि आपण चहा घेत चाळताना म्हणतो काय हे आजकालचं फॅड. आजकालचं नाही हो. दीडशे वर्षं चालूय.

1869 मध्ये जोतीराव फुल्यांनी महाराजांवर पवाडा लिहिला, त्यात महाराज ‘कुळवाडीभूषण’, म्हणजे नांगर धरणाऱ्यांचा राजा. प्रस्तावनेतच सांगून टाकलंय की लांबलचक संस्कृत शब्द घातलेले नाहीत, कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून लिहिलाय. वाचणारा कोण हे आधी ठरलं, मग महाराज कसे दिसणार ते ठरलं.

आता या 1897 मध्ये. दुष्काळ पडलेला, पुण्यात प्लेग, आणि प्लेगच्या नावाखाली गोरे सोल्जर लोकांच्या घरात शिरतायत. जूनमध्ये शिवाजी उत्सव झाला आणि 15 जूनच्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ नावाची कविता आली, खाली सही भवानी तलवारीची! कवितेत महाराज जागे होतात, बघतात तर परके लोक लक्ष्मीला हाताला धरून ओढून नेतायत. शेजारीच उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत, अफझलखानाचा वध पाप होतं का यावर, आणि टिळकांचं म्हणणं गीतेच्या आधाराने, की स्वतःसाठी केलं नाही तर दोष लागत नाही. एका आठवड्यात, 22 जूनला, पुण्यातला गोरा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, ज्युरीतले 6 युरोपियन म्हणाले दोषी, 3 हिंदी म्हणाले निर्दोष, आणि शिक्षा झाली दीड वर्षाची. अडीचशे वर्षं जुन्या वधाचा अर्थ लावण्यावरून संपादक तुरुंगात, विचार करा!

पण मला खरी मजा वाटते ती पुढच्या वळणाची. 1906, बंगालची फाळणी होऊन गेलेली, स्वदेशीचा जोर, कलकत्त्यातही शिवाजी उत्सव, टिळक स्वतः तिथे गेलेले. त्याच जूनमध्ये ‘मराठा’ या त्यांच्या इंग्रजी साप्ताहिकात लेख येतो, शिवाजी राष्ट्रपुरुष नाही का, असा सवाल करणारा. त्यात म्हटलंय की हा उत्सव मुसलमानांना दुखवायला नाही, आणि कुणी अकबराचा उत्सव सुरू केला तरी आमची हरकत नाही. गाभाऱ्यातली मूर्ती तीच, पण आरती एकदम वेगळी! काहीजण याला सरळ राजकारण म्हणतील आणि ते होतंच, पण मला वाटतं त्यांना कळलं होतं की पुण्यापुरते महाराज कलकत्त्याला पुरत नाहीत. फक्त ते मन मोठं करणं इंग्रजी पेपरात आधी छापलं, हे मात्र मला जरा टोचतं.