हरल्यानंतरची वीस मिनिटं

(पडद्यावर: सामना नुकताच संपला आहे. माउसवरचा हात, अगदी जवळून.)

व्हिडिओ गेमचा सामना संपून चार सेकंद झाली. पडद्यावर पराभवाची पाटी झळकते आहे, पण हात अजून माउसवरच आहे. नीट पाहा. अंगठा आणि करंगळी माउसच्या दोन्ही कडांना रुतली आहेत. बोटांची पेरं पांढरी पडली आहेत. मनगट टेबलावर दाबलेलं, जबडा आवळलेला, श्वास वरच्यावर. खेळ संपला हे या हाताला अजून कळलेलंच नाही.

आणि नेमकं याच क्षणी पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण उजळतं: पुन्हा खेळा.

हरल्यावर राग येणं चांगलं की वाईट, यावर तासभर वाद घालता येईल, पण राग यायचा तो येतोच. ज्या गोष्टीसाठी आपण जीव तोडून मेहनत घेतो, ती हातची गेली की चीड येणं निरोगी मनाचंच लक्षण आहे. निरोगी नाही ते हे: राग अंगात भिनलेला असताना ते बटण दाबणं.

आधी या रागाचं मूळ पाहू. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलं की मिळालेल्यापेक्षा गमावलेलं माणसाला जास्त बोचतं. 1992 मध्ये त्यांनी त्याचं मापही काढलं: साधारण सव्वादोन पट. हा आकडा पैशांच्या पैजांमधून आला आहे. रँकच्या गुणांना, म्हणजे जिंकल्यावर वाढणाऱ्या, हरल्यावर घटणाऱ्या आणि खेळाडूचा दर्जा ठरवणाऱ्या गुणांना, तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण 20 गुण मिळाल्याचा आनंद जेमतेम पुढच्या सामन्यापर्यंत टिकतो आणि 20 गुण गेल्याची चुटपुट अंथरुणात पडल्यावरही जात नाही, हे रँक्ड खेळणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

त्यात रँकची रचनाच अशी आहे की हरणं टळत नाही. अर्पाद एलो यांची बुद्धिबळाची गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने 1970 मध्ये स्वीकारली, आणि आजच्या बहुतेक रँक्ड खेळांत प्रतिस्पर्ध्यांची जोडणी त्याच विचारावर चालते: समोर आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी आणायचा. जोडणी जितकी चोख, तितके आपण निम्म्याच्या आसपास सामने हरणार. आता साधा हिशोब करू. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा बरोबरीचा धरला, तर 100 सामन्यांत कधी ना कधी सलग पाच हरण्याची शक्यता सुमारे 81 टक्के निघते. म्हणजे सलग पाच हरलात, तर ती साडेसाती नाही आणि खेळ बनवणाऱ्यांचा कटही नाही. पण त्या पाचव्या पराभवाला हा हिशोब आठवत नाही, कारण तोवर शरीराने ताबा घेतलेला असतो.

(पडद्यावर: कोपरापासून बोटांपर्यंतचा हात, मग क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली.)

राग चढला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात. कोपरापुढच्या हाताला बोटं मिटवणारे आणि बोटं उघडणारे असे दोन्ही बाजूंचे स्नायू असतात. पकड घट्ट झाली की ते एकाच वेळी ओढायला लागतात आणि हाताची बारीक हालचाल बिघडते. झटक्यात नेम धरायला जावं, तर क्रॉसहेअर लक्ष्याच्या पलीकडे जातं, मग मागे आणावं लागतं, आणि तेवढ्यात समोरच्याची गोळी येते. खेळाडू म्हणतो, आज माउसच नीट चालत नाहीये. मग तो सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस किती हलवल्यावर नेम किती सरकतो ते, बदलतो. हे तर मुळीच करू नका: रागात बदललेली सेटिंग्ज दुसऱ्या दिवशी शांत हाताला परकी वाटतात, आणि पुन्हा सवय होईपर्यंतचे सामनेही वाया जातात.

अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांत ओसरतं. कॉर्टिसॉल या ताणाच्या दुसऱ्या संप्रेरकाचं तसं नाही. ताण सुरू झाल्यावर साधारण 20 ते 30 मिनिटांनी ते सर्वाधिक होतं. म्हणून 'आता मी शांत आहे' असं वाटून लगेच सुरू केलेला सामना फसवा असतो. डोकं निवल्यासारखं वाटतं, शरीर निवलेलं नसतं.

या अवस्थेला गेमर 'टिल्ट' म्हणतात. शब्द आला पिनबॉलच्या यंत्रातून. यंत्राच्या पोटात धातूच्या कड्यामध्ये एक लोलक लटकवलेला असतो. चेंडू वाचवायला खेळाडूने यंत्र फार जोरात हलवलं की लोलक कड्याला टेकतो, सर्किट पूर्ण होतं, 'टिल्ट'चा दिवा लागतो आणि फ्लिपर, म्हणजे चेंडू टोलवणारे दांडे, मरतात. चेंडू डोळ्यांदेखत खाली जातो. पुढे हा शब्द पोकरच्या टेबलावर गेला आणि तिथून गेमिंगमध्ये आला.

आपल्यातला लोलक कड्याला टेकल्याचा दिवा लागत नाही, पण खुणा दिसतात. ज्याने मारलं त्यालाच शोधत पुन्हा त्याच कोपऱ्यात जाणं. टीममेटची आकडेवारी पाहायला स्कोअरबोर्ड सारखा उघडणं. मेल्यावर नकाशा पाहायचं सोडून चॅटमध्ये टाइप करणं. आपल्या पात्राचं एकदा वापरलेलं खास कौशल्य पुन्हा वापरण्याजोगं व्हायच्या आत लढाईत उडी घेणं. आणि सगळ्यांत पक्की खूण: निकाल नीट न वाचताच पुढचा सामना शोधायला लावणं.

रागाची दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवणं बरोबर नाही. हेदर लेंच आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, रागावलेल्या लोकांनी अवघड शब्दकोडी जास्त सोडवली आणि स्कीइंगच्या एका कठीण व्हिडिओ गेममध्ये चांगले गुण मिळवले. सोप्या खेळात मात्र रागाचा असा फायदा दिसला नाही. राग माणसाला अडथळ्याशी झुंजत ठेवतो. पण त्याच मालिकेतल्या एका प्रयोगात रागावलेल्यांनी बक्षिसासाठी लबाडीही जास्त केली. आम्हाला दोन्ही निष्कर्ष एकत्रच वाचावेसे वाटतात: राग जोर देतो, तो जोर कुठे लावायचा हे सांगत नाही. पाच जणांच्या संघात एकट्याचा जोर पुरतही नाही. तिथे नकाशा पाहायचा असतो, पावलांचे आवाज ऐकायचे असतात, थांबायचं असतं.

मग राग बाहेर काढून टाकावा का? टेबलावर मूठ आपटावी, कंट्रोलर फेकावा, उशीला बुक्के मारावेत? ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये हेच तपासलं. चीड आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅग बडवणारे लोक नंतर जास्त रागावलेले निघाले. दोन मिनिटं नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. 2024 मध्ये 154 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही तेच दिसलं: शरीराची धडधड कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, वाढवणाऱ्यांनी उतरत नाही. धावायला जाणंसुद्धा रागावरचा उतारा ठरलं नाही. धावणं तब्येतीला उत्तम आहे, फक्त हरल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांसाठी नाही.

राग गिळूनही भागत नाही. चेहरा कोरा ठेवला तरी आतली धडधड चालूच राहते.

आणि ही धडधड फुकट नसते. 2024 सालच्या एका प्रयोगात 280 निरोगी प्रौढांपैकी काहींना आठ मिनिटं राग आणणाऱ्या आठवणीत ठेवलं, तर त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता 40 मिनिटांपर्यंत कमी राहिली. एका पराभवाने हृदय बिघडतं असा याचा अर्थ नाही. पण रोज रात्री पाच सामने रागात खेळले जात असतील, तर ती 40 मिनिटं एकमेकांना चिकटत जातात.

(पडद्यावर: खुर्ची मागे सरकते. हात माउसवरून सुटतो.)

तर करायचं काय? आधी हात माउसवरून काढा. मूठ पाच सेकंद घट्ट आवळा, मग पूर्ण सोडा, तीन वेळा. उभे राहा. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असे दहा श्वास. शंभर सेकंद लागतात. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून बाहेरचा श्वास लांब ठेवायचा. इथली नेहमीची चूक म्हणजे तोंडाने श्वास मोजायचे आणि डोळ्यांनी चॅट वाचायचं. पडद्याकडे पाठ करा.

मग कागदावर एकच वाक्य लिहा, आणि त्यात स्वतःच कर्ता असा. 'टीम वाईट होती' हे वाक्य चालणार नाही. 'चौदाव्या मिनिटाला मी एकटा पुढे गेलो' हे चालेल. टीममेटवर खापर फोडलं की उद्या सुधारण्यासारखं हातात काही उरत नाही, कारण उद्या टीममेट दुसरे असतात.

थांबायचा नियम खेळायला बसण्याआधीच ठरवा: सलग दोन हरलो की वीस मिनिटं सुट्टी, तीन हरलो की त्या दिवसापुरतं रँक्ड बंद. रागावलेलं डोकं नियमाशी घासाघीस करतं, म्हणून तो आधी लिहून ठेवायचा. 'एक जिंकलो की उठतो' हा नियम तर कधीच नको; तो रात्री दोनपर्यंत जागवतो.

राग दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच असेल, वस्तू फुटत असतील, घरातली धाकटी भावंडं खोलीत यायला घाबरत असतील, वड्याचं तेल वांग्यावर निघत असेल, तर समुपदेशकाशी बोलावं. जागतिक आरोग्य संघटनेने वर्णन केलेला गेमिंगचा विकार याहून वेगळा आहे. त्यात खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसूनही तो चालू ठेवणं, हे सहसा 12 महिने दिसावं लागतं. हरल्यावर राग येणं त्या व्याख्येत नाही.

(पडद्यावर: वीस मिनिटांनंतर. तोच हात, बोटं सैल. रिप्ले सुरू होतो.)

आता रिप्ले, म्हणजे झालेल्या सामन्याचं चित्रण, लावा. फक्त आपले पहिले तीन मृत्यू पाहा. पहिल्याच्या दहा सेकंद आधी थांबवा आणि नजर कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर न्या. शत्रूचा लाल ठिपका तिथे आधीपासूनच दिसतो आहे.